नाशिकचा काळा पाषाण म्हणजे पृथ्वीचं पहिलं कवच का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीजवळ द्राक्षबागेसाठी बोअर घेतलं, ४०० फुटांपर्यंत काळा पाषाणच लागला. मुलगा आठवीत आहे. पृथ्वी आधी वितळलेली होती, मग थंड होत गेली आणि वर कवच धरलं, असं त्याने वाचलंय. तो विचारतो की आपल्या बोअरमधला दगड म्हणजे तेच कवच का, खंड त्यातूनच झाले का, आणि आणखी खाली गेलो तर काय लागेल.

मी नाशिक जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण करते, म्हणजे माझा दिवस याच काळ्या पाषाणात जातो. मुलाला एका वाक्यात सांगायचं तर, हा दगड वयाने पहिल्या कवचाचा नाही, पण जातीने त्याच्या बराच जवळचा आहे. खंड मात्र निव्वळ थिजून झालेले नाहीत. थिजलेलं कवच पाण्यासकट पुन्हा खोल गेलं, पुन्हा थोडंथोडं वितळलं, तेव्हा कुठे खंडाचा दगड तयार झाला. अडचण या ‘पुन्हा’ची आहे. शाळेच्या चित्रात पृथ्वी एकदाच थंड होते आणि गोष्ट संपते.

आधी वयाचं बघू, ते सोपं आहे. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. नाशिकचा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. पृथ्वीच्या आयुष्याचा जेमतेम शेवटचा दीड टक्का. तो ओतला गेला तेव्हा खाली भारताची भूमी कधीचीच तयार होती आणि तिच्यावर डायनोसॉर फिरत होते. तुमचं बोअर खंडाच्या पायात गेलेलं नाही, खंडावर नंतर अंथरलेल्या लाव्हात गेलंय.

‘काळा पाषाण’ म्हणजे नेमकं काय, तेही बघा. बोअर चालू असताना हवेच्या झोताबरोबर जो चुरा वर येतो तो मी चाळणीत धुऊन तळहातावर घेते आणि भिंगाखाली धरते. आपल्याकडे कोनदार, काळे-करडे तुकडे दिसतात. त्यांत पांढुरक्या काड्यांसारखे बारीक स्फटिक असतात, ते प्लॅजिओक्लेज फेल्स्पारचे. मधले काळसर हिरवे कण पायरॉक्सिनचे. मांजऱ्या (बारीक पोकळ्या खनिजांनी भरलेला लाव्हा) लागला की पांढरे, कधी गुलाबी झिओलाईटचे तुकडे येतात. दोन लाव्हाथरांमधली तांबडी माती लागली की वर येणारं पाणी लालभडक होतं. क्वार्ट्झ मात्र दगडाच्या मूळ विणीत दिसत नाही. गारगोटी दिसली तरी ती लाव्हातल्या पोकळ्यांत नंतर साचलेली असते. ग्रॅनाईटच्या चुऱ्यात याच्या उलट. तिथे काचेसारखं क्वार्ट्झ भरपूर असतं, जोडीला गुलाबी किंवा पांढरा फेल्स्पार आणि चमकणारा अभ्रक. सगळा प्रश्न या दोन चुऱ्यांमधल्या फरकात आहे, म्हणून तो मुलाला प्रत्यक्ष दाखवा.

(स्वयंपाकघरातला ओटा दाखवू नका. ‘ब्लॅक ग्रॅनाईट’ म्हणून जो काळाभोर दगड विकतात तो बहुतेक वेळा डोलेराईट नाहीतर गॅब्रो असतो, म्हणजे बेसॉल्टचाच भाऊबंद. ग्रॅनाईट दाखवायचा तर हंपीला न्या. तिथल्या शिळा अस्सल ग्रॅनाईटच्या आहेत आणि साधारण २५० कोटी वर्षं जुन्या.)

बोअरच्या कित्येक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यांवर काम करणाऱ्या मुलांच्या गावाकडे मुरूम संपला की जुना नाइस (दाबाने-उष्णतेने बदललेला, पट्ट्यापट्ट्यांचा दगड) किंवा त्याच्याच नात्यातला दगड लागतो, म्हणजे खंडाचा मूळ पाया. आपल्याकडे तो पाया गाडला गेलाय, एवढाच फरक.

आता पहिलं कवच. पृथ्वी घडली ती लहानमोठे गोळे एकमेकांवर आदळून. त्या टकरींची उष्णता, लोखंड खाली बसून गाभा होताना सुटलेली उष्णता आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची उष्णता, या सगळ्यामुळे आणि विशेषतः चंद्र ज्या टकरीतून झाला असं मानतात तिच्यामुळे पृथ्वी बरीचशी वितळली. वर शिलारसाचा महासागर होता म्हणा. चंद्रावरही तो होता, आणि तिथे काय झालं ते आपल्याला आयतं दिसतं. प्लॅजिओक्लेजचे हलके स्फटिक तरंगत वर आले आणि त्यांचं पांढुरकं कवच झालं. पौर्णिमेच्या चंद्रावरचा उजळ भाग तोच. १९६९ साली अपोलो ११ ने आणलेल्या मातीत त्या पांढऱ्या दगडाचे कण सापडले, तेव्हापासून ही कल्पना पक्की होत गेली.

पृथ्वीवर मात्र तसं पांढरं कवच झाल्याच्या खुणा नाहीत. इथे गुरुत्व जास्त, त्यामुळे थोडं खाली गेलं की दाब इतका वाढतो की प्लॅजिओक्लेज टिकतच नाही. म्हणून आपलं पहिलं कवच गडद, जड, लोह-मॅग्नेशियमवालं असावं, म्हणजे बेसॉल्ट किंवा त्याहून तापट लाव्हाचं. अशा तापट लाव्हाचा नमुना सापडतो तो कोमाटाईट. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून त्याचं नाव पडलं. तो सुमारे १६०० अंश सेल्सिअसला वाहायचा. आपला दख्खनचा लाव्हा ११०० ते १२०० च्या घरातला. आज कोमाटाईट कुठेही बाहेर पडत नाही, कारण पृथ्वीचं पोट तेवढं तापलेलं राहिलेलं नाही. आपला पाषाण ‘जातीने जवळचा’ म्हणाले ते याच अर्थाने. सुरुवातीची पृथ्वी मैलोन्मैल दाखवणारं चित्र काढायचं झालं तर मी ते ब्रह्मगिरीच्या कड्यासारखंच काळं काढेन, फक्त झाडं आणि गवत वगळून.

ते कवच आज कुठे आहे? तुकडाही हातात ठेवता येईल असं काही उरलेलं नाही. उल्का पडत होत्या, खालून लाव्हा येत होता, आणि मुख्य म्हणजे बेसॉल्टी कवच जड असल्याने ते परत खाली बुडतं. आजही तसंच चालतं. महासागरांचा तळ बेसॉल्टचा, जेमतेम सात किलोमीटर जाडीचा, आणि तो बहुतेक ठिकाणी १८-२० कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. म्हातारा आणि थंड झाला की तो प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, शिरतो. खंडांचं कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आणि हलकं. बेसॉल्टची घनता ३ च्या आसपास, ग्रॅनाईटची २.७ च्या आसपास, खालच्या प्रावरणाची ३.३. आकड्यांतला फरक छोटा दिसतो, पण खंड हलकेच राहतात म्हणून बुडत नाहीत; समुद्रतळ थंड झाला आणि खोल दाबाखाली त्यातला बेसॉल्ट आणखी घट्ट झाला की तो प्रावरणाहूनही जड होतो, म्हणून बुडतो. म्हणूनच ४०० कोटी वर्षांचा दगड शोधायचा तर खंडांवरच शोधावा लागतो.

हा हलका दगड आला कुठून, यावर मी जरा जास्त वेळ घालवते, कारण चुकीच्या समजुती इथेच होतात.

दगड एका तापमानाला गपकन वितळत नाही. तो तीन-चार खनिजांचं मिश्रण असतो आणि प्रत्येकाची वितळायची तऱ्हा वेगळी. लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी चोखली असेल तर आठवा: गोड, रंगीत पाणी आधी तोंडात येतं आणि नळीत फिका पांढरा बर्फ उरतो. दगडाचंही तसंच. अर्धवट वितळला की पहिला रस मूळ दगडासारखा नसतो. त्यात सिलिका जास्त, सोडियम-पोटॅशियम जास्त; लोह-मॅग्नेशियम मागे उरतं. प्रावरणात सिलिका साधारण ४५ टक्के. ते थोडं वितळलं की बेसॉल्ट होतो, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. हा बेसॉल्ट पुन्हा अर्धवट वितळला की टोनलाईट नावाचा करडा, हलका दगड होतो, आणि त्याच्यासोबत त्याच घराण्यातले ट्रोंडयेमाईट आणि ग्रॅनोडायोराईट. सिलिका ६५-७० टक्क्यांवर. आणि हा करडा दगडही पुन्हा वितळला की गुलाबी ग्रॅनाईट, सत्तरच्या वर. म्हणजे खंडाचा दगड एका फटक्यात होत नाही, गाळून गाळून होतो.

आता पाणी. कोरडा बेसॉल्ट वितळवायला ११०० अंशांच्या वर जावं लागतं. त्यात पाणी असेल तर सातशे-आठशे अंशांना सुरुवात होते. हे पाणी दगडाच्या भेगांतलं नव्हे, हे ध्यानात ठेवा. समुद्राखाली लाव्हा पसरतो, तो पाण्याशी रासायनिक रीतीने बांधला जातो, खनिजांच्या आतच पाणी अडकतं. मग त्यावर आणखी लाव्हा चढतो, तो गाडला जातो, २५-५० किलोमीटर खोल गेला की तापून ते अडकलेलं पाणी सुटतं आणि दगड वितळू लागतो. समुद्र नसता तर आज आहेत तसे खंड झाले नसते, हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. शुक्राकडे बघा. आकार आपल्याएवढाच, पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा, आणि पाणी नाही.

तो बेसॉल्ट इतका खोल कसा गेला, यावर मात्र एकमत नाही, आणि इथे ‘अवलंबून आहे’ असंच उत्तर द्यावं लागतं. काहींच्या मते तेव्हाही आजच्यासारखीच कवचाची एक पट्टी (प्लेट) दुसरीखाली सरकत होती. काहींच्या मते तेव्हाचं प्रावरण आजच्याहून दीडशे-अडीचशे अंशांनी जास्त तापलेलं होतं, कवच मऊ होतं, आणि अशा कवचाची पट्टी धड सरकत नाही. लाव्हाचा ढीग इतका जाड व्हायचा की त्याचं बूड आपल्याच वजनाने खाली ओघळायचं आणि वितळलेला हलका रस घुमटासारखा वर यायचा. मला वाटतं, सगळीकडे एकच तऱ्हा असेल असं धरून चालण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागाचं उपग्रहचित्र मुलाला मोबाईलवर दाखवा. फिक्या ग्रॅनाईटचे गोल घुमट आणि त्यांच्या फटींतून वळसे घेत गेलेला गडद लाव्हा. ते बघितलं की दुसरं मत सुचलं कसं ते न सांगता कळतं. पण त्या एका चित्रावरून साऱ्या पृथ्वीचा निकाल लावता येत नाही.

इथपर्यंतचं सांगायचं तर: पहिलं कवच गडद आणि जड, ते हरवलं, त्याच जातीचा दगड ओला होऊन खोल गेला, अर्धवट वितळला, हलका करडा दगड झाला, तो बुडाला नाही म्हणून साठत गेला.

हे सगळं कळलं कशावरून, हाही प्रश्न मुलाने विचारायला हवा. नसेल विचारला तर तुम्ही विचारून बघा. उत्तर आहे झिरकॉन नावाच्या खनिजाचा दाणा. मिठाच्या दाण्याहूनही लहान, बहुधा मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग, पण भारी चिवट. ज्या दगडात तो जन्मतो तो झिजून वाळू होते, वाळूचा पुन्हा दगड होतो, तरी हा तसाच. दगड दळून, धुऊन, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळं करत शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक दाणा वेचतात. उभा कापून तपासला की आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. तयार होताना तो युरेनियम आत घेतो, शिसं घेत नाही. म्हणून आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमपासून झालेलं. युरेनियमचे दोन प्रकार आहेत: युरेनियम २३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, २३५ ला सुमारे ७० कोटी. एकाच दाण्यात दोन घड्याळं. दोन्हींची वेळ जुळली तर वय पक्कं, नाही जुळली तर मध्ये काहीतरी गडबड झाली आहे हेही तिथेच कळतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथल्या दाण्यांपैकी एकाचं वय सुमारे ४४० कोटी वर्षं निघालं. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. तो ज्या दगडात सापडला तो सुमारे ३०० कोटींचा, म्हणजे दाणा पाहुणा. झिरकॉन सहसा सिलिका जास्त असलेल्या रसात वाढतो, आणि जॅक हिल्सच्या जुन्या दाण्यांतला ऑक्सिजन असं सुचवतो की त्यांचा मूळ दगड कधीतरी पृष्ठभागावर पाण्याच्या संपर्कात आला होता. म्हणजे पृथ्वी जेमतेम १५-२० कोटी वर्षांची असतानाच कुठेतरी पाणी आणि कुठेतरी हलक्या कवचाचे तुकडे असावेत. बहुतेकांना हे पटतं, सगळ्यांना नाही. दाणा आहे म्हणजे खंड होता असं मीही म्हणणार नाही. तो तुकडा आपल्या एखाद्या तालुक्याएवढाही असू शकेल. अखंड दगड म्हणून सर्वमान्य असलेला सर्वांत जुना नमुना कॅनडातला अकास्टा नाइस, सुमारे ४०० कोटी वर्षांचा.

म्हणून ‘खंड कधी झाले’ याला एक तारीख नाही. पहिला हलका दाणा धरायचा, पहिला टिकलेला दगड धरायचा, की समुद्राच्या वर डोकं काढलेली पहिली जमीन, त्यावर आकडा बदलतो. शेवटच्या बाबतीत आपला देश पुढे आहे. झारखंड-ओडिशातला सिंगभूम भाग सुमारे ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वीच पाण्यावर आला होता, असं २०२१ साली तिथल्या ग्रॅनाईटवरून आणि जुन्या वालुकाश्मावरून मांडलं गेलं. सिंगभूमच्याच चंपुआजवळच्या दगडात सुमारे ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉनही सापडला आहे.

उरला तुमचा व्यवहारातला प्रश्न: आणखी खाली गेलं तर तो जुना पाया लागेल का? लागेल, पण बोअरच्या गाडीने नाही. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. साल्हेरचा किल्ला १५६७ मीटर उंच, तो माथ्यापर्यंत लाव्हाच. कसारा घाट उतरून शहापूरकडे गेलात तरी लाव्हाच, आणि थर जवळपास आडवे. म्हणजे तुमच्या शेताखाली निदान अर्धा किलोमीटर लाव्हा आहे हे गाडीच्या खिडकीतून बघूनही सांगता येतं. त्याच्याही खाली किती, हे खणून बघितल्याशिवाय छातीठोक सांगता यायचं नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खणलं तेव्हा सुमारे ३४० मीटरवर लाव्हा संपला, थोडा गाळाचा थर लागला आणि मग जुना नाइस. कोयनेला खोल विवर घेतलं तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास लाव्हा संपून ग्रॅनाईट आणि नाइस लागले. आपण पश्चिमेकडचे, तेव्हा आपला आकडा कोयनेसारखा असावा असं मी धरते. महाराष्ट्रात तोच जुना पाया उघडा बघायचा तर नागपूरला जा: शहराच्या पश्चिमेला आपलाच बेसॉल्ट, पूर्वेकडे नाइस. गोंदिया, गडचिरोली आणि खाली सिंधुदुर्गातही तो उघडा आहे.

पाण्यासाठी म्हणाल तर पाया लागेपर्यंत जाण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे पाणी वरच्या मुरमात, मांजऱ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. चारशे फूट कोरडा, अखंड पाषाण लागला असेल तर पुढचे दोनशे फूट म्हणजे बहुधा पैशांचा चुरा. त्याऐवजी चुरा टाकून दिला नसेल तर दर वीस फुटांचा मूठभर वेगळ्या पिशवीत भरून वर खोली लिहून ठेवा. लाल पाणी नेमकं किती फुटांवर आलं होतं ते गाडीवाल्याला आजच विचारून घ्या, उद्या तो दुसऱ्या तालुक्यात असेल. आणि मुलाला एक चुंबक देऊन ओढ्याच्या वाळूत फिरवायला सांगा. जे काळे कण चिकटतील ते मॅग्नेटाईटचे, याच पाषाणातून सुटलेले. पिशव्या तयार झाल्या की चुऱ्याशेजारी नाणं ठेवून फोटो पाठवा, सांधे कुठे आहेत ते त्यावरून सांगता येईल.